पोवळ्याचा दिवा



दिव्यांवर लिहायचं तर आम्हा रेणापूरकरांनी रेणुकादेवीच्या देवळातल्या हलत्या दीपमाळेवर लिहायला हवं. तिच्यावर पुन्हा कधीतरी. आजचा दिवा समुद्रातल्या एका प्राण्यासाठीचा आहे. आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, रेणापूरहून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर, आणि एप्रिल २०१६ मध्ये आपल्या लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं. अशा मुलखात बसून खाऱ्या पाण्याच्या काचपेटीची चर्चा कशाला? प्रश्न रास्त आहे. पण कारण घरचंच आहे.

माझा एक पुतण्या जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्याकडे २०१० पासून एक मत्स्यालय आहे. मत्स्यालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो दवाखान्यातला गोल्डफिश आणि बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा बेडूक. हे तसं नाही. याला रीफ टँक म्हणतात. त्यात मासे चारच, बाकी सगळं जिवंत प्रवाळ. त्यातलं एक सुरुवातीला बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याचं लावलेलं होतं, ते आता कोबीच्या गड्ड्याएवढं झालंय. आपण जशी जास्वंदीची फांदी शेजाऱ्याला देतो, तसे तिकडचे लोक प्रवाळाचे तुकडे एकमेकांना देतात.

या पेटीवर आठ ट्यूबलाइट होत्या, टी-५ नावाच्या बारीक नळ्यांच्या. युरोपीय संघाने पाऱ्याच्या कारणावरून ऑगस्ट २०२३ पासून या ट्यूब नव्याने बाजारात आणणं थांबवलं. पुतण्याने थोडा साठा करून ठेवला होता, तोही संपत आला. एका रविवारी फोनवर म्हणाला, "काका, दिवे बदलायचेत. एलईडी लावायचेत. झोप लागेना झालीय."

मला हसू आलं. आमच्याकडे २०१५ मध्ये उजाला योजना आली, स्वस्तातले एलईडी बल्ब मिळाले आणि बघता बघता घरोघरी लागले. स्टुलावर चढायचं, जुना काढायचा, नवा बसवायचा. त्यात झोप उडण्यासारखं काय? पण त्याने सांगायला सुरुवात केली आणि पुढचे दोन महिने मी याच विषयाच्या मागे लागलो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाची खोड अशी की कोणतीही गोष्ट पहिल्यापासून वाचल्याशिवाय त्याला कळत नाही.

पहिल्यापासून म्हणजे पोवळ्यापासून. मंगळाच्या अंगठीतलं, आजीच्या माळेतलं लाल पोवळं आपल्या ओळखीचं. ते येतं भूमध्य समुद्रातून. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले व्यापारी हे पोवळं गोव्याला पाठवत आणि बदल्यात हिरे नेत. त्या काळी हिरा म्हटला की गोवळकोंडा, म्हणजे पुढे ज्या हैदराबाद संस्थानात आपण १९४८ पर्यंत होतो तोच मुलूख. पण गंमत अशी की या लाल पोवळ्याला उजेड लागत नाही. ते कपारीत, गुहेत, अंधाऱ्या खोल पाण्यात वाढतं. पाण्यातून वाहत आलेले बारीक जीव पकडून खातं.

प्रवाळाची बेटं बांधणारी जी जात आहे तिचा संसार वेगळा. तीही प्राणीच. पण तिच्या अंगात झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाड्यापोटी देतं. बदल्यात त्याला राहायला जागा आणि खत. म्हणजे या प्राण्याने स्वतःच्या कातडीत शेती केलेली आहे. शेतीला ऊन लागतं, म्हणून हा प्राणी उथळ, स्वच्छ पाण्यातच राहतो. हे ध्यानात घेतलं की दिव्याची चिंता कळते. पुतण्या बल्ब बदलत नव्हता, शेताचा सूर्य बदलत होता.

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. घरात प्रवाळ सांभाळायचा पहिला प्रयोग १८४६ साली एका इंग्रज बाईने केला, ॲना थिन तिचं नाव. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत धर्माधिकारी. टॉर्की या गावच्या किनाऱ्यावर तिने कपासारखे छोटे प्रवाळ पाहिले, ते सुईदोऱ्याने स्पंजावर टाचले आणि बरणीतून लंडनला नेले. पाण्याला हवा मिळावी म्हणून तिची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. (इतिहासात त्या मोलकरणीचं नाव नाही. नेहमीचंच.) ते प्रवाळ तीनेक वर्षं जगले. याला मी नशीब म्हणेन, कारण टॉर्कीचे ते प्रवाळ बिनशैवालाचे, म्हणजे आपल्या लाल पोवळ्याच्या वळणाचे होते. तिने जर गरम समुद्रातला बेटं बांधणारा प्रवाळ आणला असता तर लंडनच्या धुक्यात तो टिकणं कठीणच होतं. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि घराघरांत काचपेट्या आल्या. पण बेटांवरचा प्रवाळ काही त्यांत जगला नाही. जवळजवळ शंभर वर्षं ही गोष्ट तिथेच अडून राहिली.

१९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांची मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली. त्यांनी प्रवाळ अंधारात कोंडून पाहिले, तेव्हा प्रवाळांच्या अंगातलं शैवाल हळूहळू नाहीसं झालं. पण शैवाल प्रवाळाला खाऊ घालतं हे यंग यांना पटलं नव्हतं. ते मानत की शैवाल फक्त उष्टं-खरकटं काढतं. १९५० च्या दशकात किरणोत्सर्गी कार्बन वापरता येऊ लागला, तेव्हा शैवालाने केलेलं अन्न यजमानाच्या पोटात जातं हे मोजून दाखवता आलं. १९५९ मध्ये जमैकात थॉमस गोरो यांनी दाखवलं की उजेडात प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. म्हणजे माणूस चंद्रावर उतरायच्या अवघी दहा वर्षं आधी आपल्याला कळलं की प्रवाळाला ऊन का लागतं!

आता ऊन, पण कुठलं? इथे आपले चंद्रशेखर वेंकट रामन येतात. १९२१ मध्ये ते जहाजाने युरोपहून परत येत असताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला. तोवर थोरामोठ्यांचं म्हणणं होतं की समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन यांनी बोटीवरच एका खास प्रिझममधून पाहून ते प्रतिबिंब बाजूला काढलं, तरी पाणी निळंच! त्या विचारातून पुढे १९२८ चा शोध आला आणि आम्हा शिक्षकांना दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं भाषण करावं लागलं. पाणी तांबडा उजेड पहिल्या काही मीटरांतच पिऊन टाकतं, निळा मात्र खोलवर जातो. म्हणजे प्रवाळाच्या वाट्याला आलेलं ऊन आपल्या अंगणातलं ऊन नव्हे. ते गाळलेलं, निळं ऊन आहे.

घरात असं ऊन आणायचं कसं, याची पुढची साठ वर्षं म्हणजे दिव्यांचाच इतिहास. इंडोनेशियात ली चिन इंग नावाच्या गृहस्थांनी १९६१ मध्ये लिहून कळवलं की जिवंत खडक, थोडी हवा आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर त्यांच्या पेटीत प्रवाळ जगतात. जाकार्तात ठीक आहे, तिथे ऊन फुकट आणि समुद्र दारात. जर्मन, डच माणसाने काय करावं? त्यांनी आधी साध्या ट्यूब लावल्या, त्या पुरल्या नाहीत. मग १९७०-८० च्या दशकांत मेटल हॅलाइड दिवे आले. हे दिवे मुळात क्रीडांगणं आणि रस्ते उजळायला निघालेले. आपल्याकडे रात्रीच्या क्रिकेट सामन्यांत जो पांढरा झोत पडायचा तोच. एक दिवा २५० किंवा ४०० वॅटचा. पाण्यावर टांगला की तळाच्या वाळूत उन्हाची जाळी हलायला लागायची, तशी ती उथळ समुद्रात हलते. तो उजेड ज्यांनी पाहिला ते आजही त्याची आठवण काढतात, आपण गॅसबत्तीची काढतो तशी. प्रवाळ घरात खऱ्या अर्थाने वाढू लागला तो या दिव्याखाली. अमेरिकेत १९८६ नंतर ही हौस वाढली.

पण खर्च बघा. ४०० वॅटचे दोन दिवे दहा तास म्हणजे रोजचे आठ युनिट, महिन्याचे २४०. शिवाय दिव्याने पाणी तापतं, म्हणून ते थंड करायला वेगळं यंत्र. दिवा तापवायला वीज आणि दिव्याचा ताप उतरवायला पुन्हा वीज... भारनियमनाच्या वर्षांत रात्र-रात्र कंदिलाच्या उजेडात वह्या तपासलेल्या माणसाला हे वाचताना कससंच झालं.

म्हणून नव्वदीच्या दशकानंतर बारीक टी-५ नळ्या लोकप्रिय झाल्या. आपल्या घरातली जुनी चोक-स्टार्टरवाली ट्यूब ३८ मिलिमीटर जाडीची असायची, ही १६. पुतण्याकडे ५४ वॅटच्या आठ, म्हणजे ४३२ वॅट. उजेड सगळीकडे सारखा पसरायचा, सावली नाही. पण या नळ्या डोळ्यांना दिसत नाही अशा मंदावत जातात, म्हणून वर्षाच्या आत बदलाव्या लागायच्या.

आणि मग एलईडी. तांबडे, हिरवे एलईडी साठीच्या दशकापासून होते. निळा काही केल्या जमत नव्हता. जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो जमवला. १९९३ मध्ये नाकामुरांचा झगझगीत निळा एलईडी बाजारात आला, २०१४ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळाच एलईडी, वर पिवळसर लेप दिलेला. आपण त्या निळ्यावर लेप लावून तो पांढरा करून घेतला, प्रवाळवाल्यांना तो निळाच हवा होता. २००६ च्या सुमारास रीफसाठी बनवलेले एलईडी दिवे अमेरिकेत विकायला आले. वीज कमी, पाण्यावर ताप कमी, उजेड टक्क्यांनी कमी-जास्त करायची सोय. आता यात वाईट काय होणार?

पण झालं. हौशी लोकांनी लिहून ठेवलेल्या जुन्या हकिगती वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. जुना दिवा काढला, नवा लावला, पेटी अंधारी वाटली म्हणून उजेड वाढवला आणि दोन आठवड्यांत वर्षानुवर्षांचे प्रवाळ पांढरे पडले. उपाशी नव्हे, उजेडाने भाजून!

याचं कारण आपल्या डोळ्यात आहे. माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला, साधारण ५५५ नॅनोमीटरच्या, सगळ्यात जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड तेवढ्याच शक्तीचा असला तरी आपल्याला त्याच्या चार टक्क्यांइतकाच प्रखर वाटतो. शैवालाचं उलटं. त्याला नेमका तोच निळा आवडतो. म्हणजे आपल्याला जिथे तिन्हीसांज वाटते तिथे त्याच्यासाठी भर दुपार असते. बल्बच्या खोक्यावरचे ल्यूमेन, फोटोग्राफरचे लक्स, ही सगळी मापं माणसाच्या डोळ्याला प्रमाण धरून केलेली. प्रवाळासाठी दुसरं माप लागतं. एका चौरस मीटरवर एका सेकंदाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण किती पडले ते मोजायचं. त्याला पार म्हणतात, आकडा मायक्रोमोलमध्ये सांगतात. भर दुपारचं ऊन २,००० च्या आसपास. मऊ प्रवाळांना पेटीत ५० ते १५० पुरतो, फांद्यांच्या टणक प्रवाळांना २०० ते ४०० लागतो.

(आमच्या घरी पहिली ट्यूब लागली तेव्हा आई म्हणाली होती, सगळ्यांची तोंडं आजाऱ्यासारखी दिसतायत. चिमणीच्या पिवळ्या उजेडाला सरावलेला डोळा! डोळा साक्षीदार म्हणून ठीक, पंच म्हणून नाही.)

हे सगळं पुतण्याला माहीत होतं, म्हणूनच झोप उडाली होती. त्याने घाई केली नाही. त्यांच्या गावातल्या मत्स्यालय मंडळाकडे पार मोजायचं यंत्र आहे, ते सभासदांना आठवडाभर उसनं मिळतं. ट्यूब चालू असतानाच त्याने पेटीत वीस जागी माप घेतलं, कागदावर पेटीचा नकाशा काढून आकडे लिहिले. कोबीच्या गड्ड्यावर २८० होते. मग ट्यूब उतरवल्या, एलईडी टांगले आणि ते एवढे कमी ठेवले की त्याच जागी १५० यावेत. सूनबाई म्हणाली, सिनेमाच्या थेटरात बसल्यासारखं वाटतंय. तो म्हणाला, आपल्यासाठी नाही लावलेले.

दर रविवारी थोडी वाढ. तिसऱ्या आठवड्यात गड्ड्याच्या वरच्या टोकांचा रंग उतरला, तेव्हा लगेच मागे आला आणि दहा दिवस तिथेच थांबला. आणखी एक अडचण निघाली. ट्यूबचा उजेड पसरट, एलईडीचा टोकदार. त्यामुळे वरच्या फांद्यांची काळी सावली खालच्या फांद्यांवर पडून त्या झिजायला लागल्या. त्याने दिवे वीतभर उंच केले, खाली दुधी पत्रा लावला. उजेड थोडा वाया गेला, सावली गेली. नवव्या आठवड्यात गड्ड्यावर २७० चा आकडा आला आणि टोकांना पुन्हा जांभळा रंग. विजेचा खप निम्म्यावर आलाय म्हणतो. मला फोटो पाठवला, मी उत्तर लिहिलं, शाब्बास.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. पेटीत जे चुकीच्या दिव्याने होतं ते समुद्रात दिवा न बदलताही होतंय. पाणी एखाद-दोन अंशांनी तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की शैवालाचं उजेड पचवायचं यंत्र बिघडतं. तेच ऊन मग विषासारखं होतं आणि प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल हाकलून देतो. पांढरा पडतो. १९९८, २०१०, २०१४ ते १७ असं जगभर झालं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ संस्थेने चौथी जागतिक लाट जाहीर केली. आपल्या मालवणलाही हे चुकलं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं समुद्री अभयारण्य १९८७ चं. २०१५-१६ च्या सुमारास तिथले प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी केली आहे. तिथे कुणी रविवारी येऊन सूर्य पाच टक्क्यांनी कमी करू शकत नाही.

जर्मनीतला फोटो पाहून पुण्यातला नातू हटून बसला, आजोबा, मलाही अशी पेटी हवी. त्याला सांगितलं ते इथेही सांगतो, कारण अनेकांना ठाऊक नसतं. बेटं बांधणारे सगळे टणक प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. किनाऱ्यावरून किंवा समुद्रातून असा तुकडा उचलून आणणं म्हणजे गुन्हा. काही हौशी लोक यावर नाराज असतात. त्यांचं म्हणणं, पेटीत वाढवलेल्या तुकड्याने समुद्राचं काय बिघडतं? मुद्दा अगदीच पोकळ नाही. तिकडे आता बरेच तुकडे पेटीतल्या पेटीतच वाढवलेले असतात. पण आपल्याकडे तुकडा पेटीतला की मालवणातला हे तपासणार कोण? मला कायदा बरोबर वाटतो.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय त्याला दाखवावं असं मनात होतं. विकाजी तारापोरवाला यांच्या देणगीतून उभं राहिलेलं, १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलेलं. शाळेच्या सहली घेऊन मी तिथे गेलोय. नूतनीकरण होऊन मार्च २०१५ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा तिथल्या टाक्यांनाही एलईडी दिवे लागले होते. पुढे इमारत धोकादायक ठरली आणि ते बंद झालं. ते राहून गेलं.

तेव्हा तडजोड अशी ठरली आहे: घरात गोड्या पाण्याची छोटी पेटी, त्यात हिरवी पानं आणि साधा एलईडी. आणि दिवाळीनंतर, पाणी निवळलं की, मालवण. नातू नळी लावून पाण्यात तोंड घालणार. मला पोहता येत नाही, मी होडीत बसून त्याचे कपडे सांभाळणार. रेणापूर-लातूरकडचे कुणी त्या वाटेने रात्रीच्या गाडीने गेले असतील तर कळवा, कुठली गाडी बरी पडते.